डॉक्टर, निदान आम्हाला सांगा

महाराष्ट्रातल्या सर्व मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांस,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. माझ्या धाकट्या बहिणीवर २००९ पासून मानसोपचार चालू आहेत. तिचे सगळे कागद माझ्याकडे असतात. आता त्याच्या दोन जाडजूड बॉक्स फाइल झाल्यात. केसपेपर, प्रिस्क्रिप्शनं, रक्ताचे रिपोर्ट, मेडिकलची बिलं, तीन डिस्चार्ज कार्डं. कागद तारीखवार लावायची सवय मला कामामुळे आहे, त्यामुळे कुठला कागद कुठे आहे हे मी न बघता सांगू शकते. हे पत्र मी धाकटीला वाचून दाखवलंय. तिनं दोन ठिकाणी खोडलं, ते मी काढून टाकलं. बाकीचं तिच्या परवानगीनं लिहिते आहे.

त्यातलं एक डिस्चार्ज कार्ड २०१४ सालचं आहे. तेव्हा धाकटी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात अकरा दिवस होती. कार्डावर निदानाच्या रकान्यात 'बायपोलर' (मूड कधी फार चढण्याचा, कधी फार खचण्याचा आजार) असं लिहिलंय आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात 'एफ ६०.३', पुढे प्रश्नचिन्ह. मी तेव्हा ते वाचलं होतं. मला वाटलं, कॉटचा नंबर असेल. पुढची सात वर्षं मी तसंच समजत होते.

२०२१ मध्ये आम्ही एका नव्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, जुने असतील नसतील तेवढे कागद घेऊन या. एक एक कागद उलटत असताना त्यांचं बोट या ओळीवर थांबलं. "हे तुम्हाला तेव्हा कुणी समजावून सांगितलं होतं का?" मी म्हटलं, "तो कॉटचा नंबर ना?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि जरा वेळानं सांगितलं, की हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतला, म्हणजे आयसीडी-१० मधला क्रमांक आहे. भावनिकदृष्ट्या अस्थिर व्यक्तिमत्त्व विकार. ज्याला सगळीकडे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात, तो यातच येतो.

म्हणजे २०१४ मध्ये कुणाला तरी शंका आली होती. ती त्यांनी लिहूनही ठेवली. पण आम्हाला सांगितली नाही. ना तिला, ना मला, ना आईला. ते प्रश्नचिन्ह पुढे कुणी सोडवायचं होतं, हेही कुणी सांगितलं नाही.

माझी तक्रार चुकीच्या निदानाबद्दल नाही, हे आधीच सांगते. मनाच्या आजारात रक्त तपासून किंवा स्कॅन काढून निदान होत नाही हे आता मला कळतं. चूक होऊ शकते. एकाच माणसाला बायपोलर आणि बॉर्डरलाइन दोन्ही असू शकतात, हेही मी शिकले आहे. मला बोलायचंय ते निदान लपवण्याबद्दल. व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान तुमच्यापैकी पुष्कळजण आपसात बोलतात, फाइलीत लिहितात, 'क्लस्टर बी ट्रेट्स' (म्हणजे बॉर्डरलाइन ज्यात येतो त्या गटाची लक्षणं) असं काहीतरी कोपऱ्यात नोंदवतात, आणि ज्याचं आहे त्याला सांगत नाहीत.

त्याच हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी एका सिस्टरना दुसरीला म्हणताना ऐकलं होतं, "ती बॉर्डरलाइनवाली ना?" बॉर्डरलाइन म्हणजे काठावरची, थोडक्यात फार गंभीर नाही, असा मी अर्थ घेतला. आमच्या बाबांना 'बॉर्डरलाइन शुगर' आहे असं सांगितलं होतं, तसं. मला बरंच वाटलं ते ऐकून. आईला फोन करून सांगितलंसुद्धा, की आपली फार सिरियस नाहीये. या शब्दाचा उगम मी पुढे शोधला. १९३८ साली ॲडॉल्फ स्टर्न नावाच्या अमेरिकी मनोविश्लेषकानं तो वापरला, त्या काळी ज्यांना न्यूरोसिस (चिंतेसारखे सौम्य आजार) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारे आजार) म्हणत त्यांच्या सीमेवरच्या पेशंटांसाठी. सीमेची ती कल्पना केव्हाच मागे पडली, नाव तेवढं राहिलं. घरच्या माणसांना ते नाव नुसतं कानावर पडलं आणि कुणी अर्थ सांगितला नाही, तर ती असाच भलता अर्थ काढणार.

आमच्या घरात तोवर एकच निदान होतं, आणि ते आईचं होतं. स्वभावाला औषध नाही. धाकटी लहानपणापासून हळवी, हट्टी, तापट. अकरावीत असताना एका मैत्रिणीनं फोन उचलला नाही म्हणून रात्रभर रडली. सकाळपर्यंत देवासारखी असलेली ती मैत्रीण संध्याकाळी वैरीण झाली होती. मी ऑफिसातून अर्धा तास उशिरा निघाले तर माझ्या मोबाइलवर तिचे तीसतीस मिस्ड कॉल असायचे. मी घरी आले की ती भांडायची, आणि भांडून झालं की माझा पदर धरून "तू मला टाकून जाशील ना" म्हणायची. नोकऱ्या चार सोडल्या. दर वेळी तिथे पहिले दोन महिने सगळे फार चांगले असायचे. घरात सगळे असताना घर रिकामं वाटतं, असं ती म्हणायची, आणि आम्ही म्हणायचो, काहीतरी कामात मन गुंतव. स्वतःला इजा करून घेणं सुरू झालं तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

पहिलं निदान डिप्रेशन. दोन वर्षांनी बायपोलर. "मूड सारखा बदलतो का?" असं विचारलं गेलं, आम्ही 'हो' म्हटलं. तो किती वेळात बदलतो आणि कशानं बदलतो, हे कुणी विचारलं नाही. आज मला माहीत आहे की त्या दोन प्रश्नांत पुष्कळ काही होतं. बायपोलरमध्ये चढलेला मूड दिवसचे दिवस राहतो. निकषच असे आहेत, की सौम्य चढ असेल तर सलग किमान चार दिवस, तीव्र असेल तर आठवडा. धाकटीचा मूड एका दुपारीत तीनदा बदलायचा, आणि दर वेळी मागे काहीतरी झालेलं असायचं. कुणाचा तरी आवाज चढलेला, कुणीतरी मेसेज बघून उत्तर न दिलेलं. अकरा मिनिटांच्या ओपीडीत हे निघत नाही. पण नऊ वर्षं लिथियम, म्हणजे बायपोलरमध्ये मूड स्थिर ठेवायचं औषध, चालू होतं. ठरावीक महिन्यांनी रक्तातली लेव्हल, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन. तिचे हात इतके थरथरायचे की चहा आणताना बशीत कप वाजायचा. आतल्या खोलीतूनही कळायचं, धाकटी चहा घेऊन येतेय.

हे वाचणाऱ्या इतर घरांसाठी एक वाक्य मधेच लिहिते. यातलं काही वाचून कुणीही आपल्या माणसाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आमच्या डॉक्टरबाईंनी लिथियम कित्येक महिने हळूहळू कमी केलं, रक्त तपासत तपासत.

त्यांनी निदान कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं हाच भाग तुम्ही वाचावा. चार बैठका झाल्या. पहिली पाऊण तासाची, पुढच्या तासातासाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी साफ सांगितलं, की ही आत्ता फार खचलेली आहे, अशा अवस्थेत स्वभावाबद्दल काही ठरवायचं नसतं. आधी झोप आणि डिप्रेशन आटोक्यात आणलं. थायरॉइड पुन्हा तपासला. दारू, गोळ्या, कसलं व्यसन आहे का, विचारलं. लहानपणी काही वाईट घडलंय का हे तिला एकटीला विचारलं, मला बाहेर बसवून. मग तिच्या परवानगीनं मला एकटीला आत बोलावलं आणि शाळेपासूनची धाकटी कशी होती ते विचारलं. नुसती "कशी होती" नाही. मैत्रिणी किती टिकायच्या? रागावल्यावर शांत व्हायला किती वेळ लागायचा? घरी जशी वागायची तशीच शाळेतही वागायची का? आजारी पडल्यावरच असं व्हायचं, की एरवीही?

नंतर मला कळलं की व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान उभं राहतं ते याच प्रश्नांवर. स्वभाव सगळ्यांनाच असतो आणि सगळ्यांच्या स्वभावाला कुठेतरी काटे असतात. विकार तेव्हा म्हणायचा, जेव्हा वागण्याची, वाटण्याची, माणसांशी जुळण्याची एकच ठरलेली तऱ्हा वयात येतानापासून चालत आलेली असते, घरी, नोकरीत, मैत्रीत सगळीकडे तीच असते, प्रसंग बदलला तरी वाकत नाही, आणि तिच्यामुळे त्या माणसाचं किंवा भोवतालच्यांचं जगणं खरोखर अडतं. एका भांडणावरून, एका घटस्फोटावरून, कुणाच्या एका वाईट वर्षावरून हे ठरत नाही. हल्ली मोबाइलवर दोन मिनिटांचे व्हिडिओ बघून लोक नवऱ्याला, सासूला, साहेबाला 'नार्सिसिस्ट' ठरवून टाकतात, त्याचा मला म्हणूनच त्रास होतो. आणि तो शब्द त्यांच्याकडून काढून घ्यायचा असेल, तर खरं निदान कसं होतं हे तुम्हीच उघडपणे बोललं पाहिजे.

अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात असे दहा विकार आहेत, तीन गटांत. लोकांना त्यातला एखादाच ऐकून माहीत असतो, आणि तोही गुन्हेगारीच्या बातम्यांतून. पण त्याच यादीत लोकांत मिसळायला जीव घाबरणारी माणसं आहेत, आणि दुसऱ्याला विचारल्याशिवाय साधा निर्णय घेता न येणारीही. ती कुणाला त्रास देत नाहीत म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. आपल्याकडे तशी मुलगी सून होऊन आली तर तिला सोशिक म्हणतात आणि तिचं कौतुक होतं. तिच्या आत काय चाललंय हे तिला विचारायची पाळी कुणावर येत नाही.

आता चौथ्या बैठकीबद्दल. डॉक्टरबाईंनी एक कागद पुढे ठेवला. मराठीत, हातानं लिहिलेले नऊ मुद्दे. डीएसएममध्ये बॉर्डरलाइनचे नऊ निकष आहेत, त्यातले पाच तरी लागू व्हावे लागतात. आपलं माणूस सोडून जाईल या भीतीनं जिवाचा आटापिटा करणं. आज डोक्यावर घेतलेलं माणूस उद्या नकोसं होणं. आपण नक्की कोण आहोत याचा थारा न लागणं. सतत आतून रिकामं वाटणं. असे नऊ. त्यांनी धाकटीच्या हातात पेन दिलं आणि म्हणाल्या, "तुला लागू होतं तिथे तूच खूण कर. घाई नाही." माझ्या बहिणीनं सात ठिकाणी खुणा केल्या. रिकामं वाटण्याच्या मुद्द्याखाली दोन रेघा मारल्या. मग कागद हातात तसाच धरून मला म्हणाली, "ताई, मला न भेटता हे कुणी लिहून ठेवलं?"

डॉक्टर, ती रडली नाही. चिडली नाही. मला तिचा तो चेहरा अजून दिसतो. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला तिच्याबद्दल काहीतरी खरं सांगितलं होतं, आणि तेही तिच्याच हातानं लिहवून घेऊन.

नवातले पाच किंवा जास्त, म्हणजे एकूण २५६ प्रकारे हे निदान होऊ शकतं. आकडेमोड करणं माझं कामच आहे, म्हणून मी घरी बसून मोजलं. दोन बॉर्डरलाइन पेशंटांत फक्त एकच मुद्दा सारखा, असंही होऊ शकतं. त्यामुळे नुसतं नाव सांगूनही भागत नाही. यातले माझे कुठले, हे माणसाला कळायला हवं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये तर बहुतेक जुने प्रकारच काढून टाकलेत. आता आधी बघायचं की विकार सौम्य आहे, मध्यम आहे की तीव्र, आणि मग स्वभावाचे कुठले पैलू ठळक आहेत ते लिहायचं. बॉर्डरलाइनची तेवढी खूण शिल्लक ठेवली आहे. मला ही पद्धत पटते. सौम्य, मध्यम, तीव्र हे शब्द आमच्या आईलाही कळतात, आणि तीव्रचं मध्यम होऊ शकतं हे त्या शब्दांतच आहे. 'बॉर्डरलाइन आहे' म्हटलं की जन्माचा शिक्का वाटतो.

शिक्क्यावरून आठवलं. मी तुमच्यापैकी दोघा-तिघांना विचारलंय, की का नाही सांगत. एकजण म्हणाले, पेशंट बिथरतात, नेटवर जाऊन नको ते वाचतात. खरं आहे. पण तुम्ही सांगितलं नाही तरी ते वाचतातच, फक्त एकटे वाचतात, रात्री दोन वाजता. दुसरे म्हणाले, "ताई, सांगून उपयोग काय? तो स्वभावच असतो त्यांचा." मी त्यांच्यासमोर काही बोलले नाही. बाहेर आल्यावर मला आईची आठवण झाली. एमडी झालेला माणूस आणि सातवी शिकलेली माझी आई एकच म्हण म्हणत होते.

आणि ती म्हण चूक आहे. अर्धी खरी आहे असं फार तर म्हणता येईल. गोळी नाही, हे खरं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना दिली, की खास बॉर्डरलाइनसाठी म्हणून औषधं वापरू नयेत. सोबतच्या डिप्रेशनला, झोपेला, चिंतेला औषध असतं, मूळ विकाराला नाही. पण उपचार आहे. तो बोलण्याचा आहे, शिकण्याचा आहे, वेळखाऊ आहे. मार्शा लिनहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यासाठी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, ही पद्धत उभी केली आणि १९९१ मध्ये तिची पहिली शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध केली. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की तरुणपणी आपण स्वतः मनोरुग्णालयात होतो, स्वतःला इजा करून घेत होतो. हे त्यांनी सांगितलं ते त्याच संस्थेत उभं राहून, जिथे त्यांना ठेवलं होतं. धाकटीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं मला दोनदा विचारलं, "नक्की का?"

आणि बरं होण्याबद्दल. अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये मेरी झानारिनी आणि सहकाऱ्यांनी दाखल झालेल्या २९० बॉर्डरलाइन पेशंटांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. दहा वर्षांत त्यातल्या ९३ टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षांसाठी तरी निकषाखाली आली. नोकरी आणि नाती धरूनही नीट सावरलेले मात्र निम्मेच. मी दोन्ही आकडे सांगते, कारण नुसता पहिला सांगितला तर ते खोटं आश्वासन होईल. लक्षणं निवतात, आयुष्य रुळावर यायला जास्त वेळ लागतो. पण २०१४ मध्ये मला हे दोन आकडे कुणी सांगितले असते, तर ती सात वर्षं आम्ही वेगळी घालवली असती. मी तिच्याशी वेगळी बोलले असते.

हे मला सगळ्यात जास्त खुपतं. लिनहान बाईंचं म्हणणं असं, की काही मुलं जन्मतःच भावनेनं फार हळवी असतात, आणि त्यांच्या वाटण्याला घर सतत खोडून काढत असेल तर हा विकार मूळ धरतो. प्रत्येकाच्या बाबतीत असंच असतं असं नाही. काहींच्या मागे मारहाण असते, अत्याचार असतो. आमच्याकडे कुणी हात उचलला नाही. पण 'एवढ्यात काय रडतेस', 'नाटकं पुरे', 'ताई बघ कशी शहाणी' हे आमच्या घरात पाण्यासारखं वाहत होतं. मीही त्याच घरात वाढले. मला ते लागलं नाही. तिला लागलं. त्यात तिचा दोष नव्हता, आणि आईचाही नव्हता, कारण तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. निदान कळल्यावर आई पहिल्यांदा म्हणाली, "तुला तेव्हा खरंच इतकं दुखायचं का गं?" धाकटीनं उत्तर दिलं नाही, पण ती उठून गेली नाही.

कॅज्युअल्टीबद्दल लिहायचं टाळणार होते, पण धाकटीनं सांगितलं लिही. एका रात्री मी तिला घेऊन गेले तेव्हा ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर तिच्या देखत म्हणाले, "पुन्हा आल्या का? लक्ष वेधून घ्यायचं असतं यांना." त्यांना फाइलवरून निदान ठाऊक होतं. म्हणजे ज्यांना माहीत होतं त्यांनी ते तिच्या अंगावर फेकलं, आणि जिचं होतं तिला ते माहीत नव्हतं. डॉक्टर, या विकाराची काही माणसं खरोखर जीव देतात. प्रत्येक वेळ ही खरी वेळ धरूनच वागावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं. ताण म्हटलंय, नाटक म्हटलेलं नाही.

त्याच कायद्याचं कलम २२ मी छापून फाइलीच्या पहिल्या पानावर लावलंय. पेशंटला आपल्या आजाराचं स्वरूप, ठरवलेले उपचार आणि त्यांचे दुष्परिणाम कळण्याचा हक्क आहे, आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत. कलम २५ प्रमाणे स्वतःचे वैद्यकीय कागद मागायचा हक्क आहे. कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत 'व्यक्तिमत्त्व' हा शब्द नाही, आणि त्यावरून व्यक्तिमत्त्व विकार त्यात बसतो की नाही असा वाद घालता येतो, हे मला माहीत आहे. पण तिला दाखल करून घेताना, लिथियम देताना तो वाद कुणी घातला नव्हता. मग सांगायच्या वेळी का घालायचा?

लग्नाची आणि कोर्टाची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये घटस्फोटाचं एक कारण म्हणून मानसिक विकार येतो आणि त्याची व्याख्या बरीच सैल आहे. कागदावरचं नाव कुणी वकील कोर्टात नाचवू शकतो. पण १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की नुसत्या आजाराच्या नावावर घटस्फोट मिळत नाही, तो किती तीव्र आहे ते बघावं लागतं. ती केस स्किझोफ्रेनियाची होती. शिवाय कागद दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून गुप्तता पाळायची असते. ती पेशंटपासूनच पाळायची, हा कुठला न्याय? आमच्या पतसंस्थेत कुणाचं कर्जप्रकरण नामंजूर झालं तरी आम्ही त्याला समोर बसवून कारण सांगतो. माणसाच्या मनाबद्दल तेवढं तरी व्हावं.

वेळ नाही, हेही मी जाणते. आपल्या देशात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि जिल्हा रुग्णालयांच्या ओपीडीसमोरच्या रांगा मी पाहिल्यात. रोज साठ पेशंट बघणाऱ्या डॉक्टरकडे मी चार तास मागत नाही. एका भेटीत सगळं नकोच. पहिल्या भेटीत एवढंच म्हणा, की मला अशी शंका आहे, नक्की नाही, पुढच्या दोन-तीन भेटींत आपण मिळून बघू. हे बोलायला दोन मिनिटं लागतात. लांब मुलाखत सायकॉलॉजिस्ट घेऊ शकतात. तुमच्याकडे नसतील तर कुठे आहेत ते चिठ्ठीवर लिहून द्या. नऊ मुद्द्यांचा मराठी कागद एकदा तयार केला की शंभर पेशंटांना पुरतो. प्रश्नचिन्ह लिहिलंत तर पेशंटला दाखवून लिहा, म्हणजे पुढच्या डॉक्टरांकडे तो स्वतःच ते घेऊन जाईल. आणि वॉर्डात, कॅज्युअल्टीत 'बॉर्डरलाइनवाली' हा शब्द शिवीसारखा वापरला जात असेल, तर तिथे तुमचाच शब्द चालतो. तुम्ही थांबवलात तर तो थांबेल.

घरच्यांसाठी काहीतरी हवंय. स्किझोफ्रेनियाच्या घरच्यांना पुण्यात 'सा' ही संस्था आहे, व्यसनासाठी १९८६ पासून मुक्तांगण आहे. तिथे नातेवाइकांना एकमेकांशी बोलता येतं. बॉर्डरलाइन असलेल्या मुलीच्या आईनं साताऱ्यात, सोलापुरात, जालन्यात कुणाशी बोलायचं? महिन्यातून एक रविवार, तुमच्या क्लिनिकचं वेटिंग रूम दोन तास उघडं ठेवलंत तर खुर्च्या आम्ही लावू.

धाकटी आता बरी आहे का, असं तुम्ही विचाराल. डीबीटीचे तक्ते सगळे इंग्रजीत आहेत. तिच्या सायकॉलॉजिस्ट आणि ती मिळून त्यांचं मराठी करतात. शांत, विचारी अवस्थेला त्यांनी 'शहाणं मन' असं नाव ठेवलंय. रोजच्या भावनांची नोंद ती स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर करते, तारखेच्या चौकटीत शून्य ते दहा असा एक आकडा. मागच्या वर्षीच्या जूनमध्ये नऊ आणि दहा पुष्कळ होते. या जूनमध्ये दोन. राग फार चढला तर ती फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे बादलीत रिकामा करते आणि तोंड त्या पाण्यात धरते. आई आता काही विचारत नाही, ट्रे पुन्हा भरून ठेवते. मला उशीर होणार असेल तर मी आधी मेसेज करते. आठवड्यातले तीन दिवस ती एका ग्रंथालयात जाते. तिथे तिला चौदा महिने झाले.

ज्या घरात आज रात्री हे असह्य झालंय, त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

डॉक्टर, तुमच्यापैकी जे शिकवतात त्यांच्यासाठी शेवटचं. धाकटीचं म्हणणं आहे, की तिची फाइल, नाव झाकून, तुमच्या विद्यार्थ्यांना दाखवायला तिची हरकत नाही. २०१४ चं ते कार्ड तेवढं मूळ परत पाहिजे, झेरॉक्स मी काढून देईन. आणि तिला वर्गात बोलवलंत तर ती येईल. मागच्या बाकावर मी बसले तर चालेल का, एवढं विचारा म्हणाली.

आपली,
एका पेशंटची थोरली बहीण,
सातारा